दोन डॉलरचं स्टेशन: व्हिक्टोरियातल्या ‘चेक’ वाहिनीचं प्रकरण

२२ जुलै २००९ रोजी कॅनवेस्ट या कॅनडातल्या माध्यम कंपनीने जाहीर केलं, की गिऱ्हाईक मिळालं नाही तर व्हिक्टोरिया शहरातली ‘चेक’ ही दूरचित्रवाणी वाहिनी ३१ ऑगस्टला बंद होईल. हातात चाळीस दिवस. वाहिनी १ डिसेंबर १९५६ रोजी सुरू झालेली, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली पहिली खासगी दूरचित्रवाणी. कामाला चाळीसच्या घरात माणसं.

सप्टेंबरच्या ४ तारखेला हीच वाहिनी तिच्या कर्मचाऱ्यांनी आणि गावातल्या काही गुंतवणूकदारांनी मिळून विकत घेतली. किंमत, दोन डॉलर. ती आजही चालू आहे.

‘कर्मचाऱ्यांनी दोन डॉलरला वाहिनी वाचवली’ एवढ्या एका ओळीत ही कथा कायम सांगितली जाते. मला त्या ओळीच्या मागे-पुढे जे आहे ते जास्त मोलाचं वाटतं. स्थानिक बातम्या का मरतात आणि कशावर जगतात, हे या प्रकरणात जितकं उघडपणे दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

गाव आणि त्याची माध्यमं

व्हिक्टोरिया ही ब्रिटिश कोलंबियाची राजधानी, पण प्रांतातलं मोठं शहर व्हँकुव्हर. व्हिक्टोरिया आहे व्हँकुव्हर आयलंड या बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि व्हँकुव्हर शहर मात्र त्या बेटावर नाही, समोरच्या मुख्य भूमीवर आहे. मधे समुद्र. फेरीबोटीने पार करायला दीड तासाच्या वर लागतो. २०२१ च्या जनगणनेत खुद्द शहराची वस्ती ९१,८६७ आणि आजूबाजूची उपनगरं धरून ३,९७,२३७. म्हणजे धड महानगर नाही आणि खेडंही नाही. राजधानी असल्यामुळे विधानसभा, सरकारी खाती, मंत्री, आंदोलनं सगळं इथे. पण पैसा, जाहिरात कंपन्या आणि मोठ्या वाहिन्यांची कार्यालयं पलीकडच्या किनाऱ्यावर.

गावाला वाचायची-ऐकायची सवय जुनी. १८५८ साली अमोर डी कॉस्मॉस यांनी इथे ‘ब्रिटिश कॉलनिस्ट’ काढलं, पुढे ते प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाले. त्या वर्तमानपत्राचा वंश आजच्या ‘टाइम्स कॉलनिस्ट’पर्यंत येतो. रेडिओवर १९५९ साली सुरू झालेलं सीएफएएक्स १०७० हे बोलक्या कार्यक्रमांचं स्टेशन आहे. विद्यापीठाचं सीएफयूव्ही आहे. सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं स्वतःचं रेडिओ स्टेशन मात्र या राजधानीला १९९८ साली मिळालं. तोवर सीबीसीचा सकाळचा रेडिओही व्हँकुव्हरहून यायचा. २००१ साली चम या कंपनीने गावात दुसरी दूरचित्रवाणी सुरू केली, तीच पुढे सीटीव्ही या मोठ्या खासगी जाळ्याच्या छत्राखाली गेली. म्हणजे २००९ मध्ये चेक बंद पडती तर राजधानीत दूरचित्रवाणीच्या बातम्या देणारं एकच घर उरलं असतं.

आणखी एक गोष्ट, जी मला या प्रकरणात सगळ्यात बोचते. २००९ मध्ये चेक वाहिनी आणि टाइम्स कॉलनिस्ट या दोन्हींचा मालक एकच होता. गावातलं मुख्य दैनिक आणि गावातली जुनी वाहिनी, दोन्हींच्या तिजोरीची किल्ली दोन हजार किलोमीटरपलीकडे विनिपेगला.

कर्ज कुणाचं, फास कुणाला

कॅनवेस्ट ही विनिपेगच्या ॲस्पर कुटुंबाची कंपनी. २००० साली तिने दोन मोठे घास घेतले. एक, वेस्टर्न इंटरनॅशनल कम्युनिकेशन्सच्या दूरचित्रवाणी वाहिन्या; त्यात चेक आली. दोन, कॉनरॅड ब्लॅक यांच्या हॉलिंगर कंपनीची साउदम वर्तमानपत्रं, तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला. त्यात टाइम्स कॉलनिस्ट आलं. २००७ मध्ये गोल्डमन सॅक्सला सोबत घेऊन अलायन्स अटलांटिस ही केबल वाहिन्यांची कंपनीही घेतली. हे सगळं कर्जावर. २००९ पर्यंत कर्जाचा डोंगर सुमारे चार अब्ज डॉलरचा झाला होता.

मालकी दूर गेली की काय होतं याचा पहिला अनुभव वर्तमानपत्रांना आला. डिसेंबर २००१ पासून मुख्यालयातून आलेले अग्रलेख देशभरातल्या साउदमच्या दैनिकांना छापायला लावले गेले. पत्रकारांनी विरोध केला, गाजावाजा झाला. दूरचित्रवाणीत हीच गोष्ट वेगळ्या रूपाने झाली. चेकचं नाव २००१ मध्ये ‘सीएच व्हँकुव्हर आयलंड’ झालं, २००७ मध्ये ‘ई! व्हँकुव्हर आयलंड’. ‘ई!’ म्हणजे अमेरिकन सिनेनटांच्या भानगडी, पार्ट्या, लाल गालिचे. बेटावरच्या माणसाने संध्याकाळी गावची वाहिनी लावायची आणि हॉलिवूडमध्ये कोणाचं लग्न मोडलं ते ऐकायचं. बातम्या तेवढ्या ‘चेक न्यूज’ या जुन्या नावाने दिल्या जायच्या. त्याच वर्षी कॅनवेस्टने प्रसारणाची तांत्रिक कामं चार मोठ्या शहरांतल्या केंद्रांत गोळा करायचं ठरवलं आणि देशभरात सुमारे दोनशे नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली.

इथे कॅनडातल्या दूरचित्रवाणीचं अर्थकारण थोडं समजून घ्यावं लागतं. तिथल्या खासगी वाहिन्यांचा धंदा बराचसा अमेरिकन मालिकांवर चालत आला आहे. हक्क विकत घ्यायचे आणि अमेरिकन वाहिनीवर ती मालिका लागते त्याच वेळी आपणही लावायची. मग नियमाप्रमाणे केबलवाला अमेरिकन वाहिनीच्या जागीही कॅनेडियन वाहिनीचा सिग्नल दाखवतो, म्हणजे त्या वेळच्या जाहिरातींचा पैसा कॅनडातच राहतो. या कमाईतून बातम्यांचा खर्च भागायचा. पण गाजणाऱ्या मालिका मोठ्या जाळ्यांकडे जायच्या. ‘ई!’सारख्या दुय्यम जाळ्याच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं, आणि त्याचेही पैसे चांगलेच मोजावे लागायचे. २००८ ची मंदी आली, राष्ट्रीय जाहिराती आटल्या, आणि हा हिशेब कोलमडला.

म्हणून ‘चेक तोट्यात होती’ हे वाक्य जपून वाचायला हवं. तोटा खरा होता. पण त्यात गावच्या बातम्यांचा वाटा किती, न चालणाऱ्या अमेरिकन मालिकांचा किती आणि वरून लादलेल्या खर्चाचा किती, हे वेगळं करून कुणी पाहत नव्हतं. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात लहान गावची वाहिनी एका ओळीत मावते, आणि ती ओळ लाल असेल तर खोडली जाते. कर्मचाऱ्यांना मात्र ती ओळ आतून माहीत होती. कुठला खर्च गावासाठी होतो आणि कुठला दुसऱ्या कुणाच्या योजनेसाठी, हे रोज संध्याकाळी बुलेटिन काढणाऱ्या माणसाला कळतंच.

त्याच उन्हाळ्यात इतरत्र

चेक एकटी नव्हती. कॅनवेस्टच्या ‘ई!’ जाळ्यातली अल्बर्टातल्या रेड डीअरची वाहिनी ३१ ऑगस्ट २००९ रोजी बंद झाली, कायमची. हॅमिल्टनची सीएचसीएच आणि माँट्रियलची एक वाहिनी चॅनल झीरो या लहान कंपनीने दोन्ही मिळून बारा डॉलरला घेतल्या. मॅनिटोबातल्या ब्रँडन गावची सीकेएक्स दुसऱ्या एका कंपनीची होती. ती एक डॉलरला विकायचे व्यवहार ठरले आणि फिसकटले, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तीही गेली.

एक डॉलर, दोन डॉलर, बारा डॉलर. या किमती ऐकून वाचकाला वाटतं, एवढ्यात तर मीही घेतली असती. किंमत नाममात्र का असते तेही सांगतो. वाहिनी विकत घेणं म्हणजे तिच्या मागे लागलेली देणी आणि जबाबदाऱ्या अंगावर घेणं. कर्मचाऱ्यांचे पगार आणि निवृत्तीची देणी, इमारत, प्रक्षेपणाची यंत्रं आणि मनोरे, आणि परवान्याच्या अटी. दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या सीआरटीसी या संस्थेच्या धोरणात, मोठ्या महानगरांतल्या वाहिन्यांना आठवड्याला चौदा तास आणि लहान बाजारपेठेतल्यांना सात तास स्थानिक कार्यक्रम देण्याचं बंधन ठरत होतं. हे तास फुकट भरत नाहीत. विकणाऱ्याच्या दृष्टीने दोन डॉलर म्हणजे बंद करण्याचा खर्च वाचला. घेणाऱ्याच्या दृष्टीने दोन डॉलर ही फक्त दारावरची चिठ्ठी. खरी किंमत पुढच्या महिन्याच्या पगाराच्या दिवशी कळते.

म्हणूनच खरा आकडा दोन नाही, पंचवीस लाख आहे. कर्मचारी आणि स्थानिक गुंतवणूकदार यांनी मिळून सुमारे पंचवीस लाख डॉलर उभे केले. ते खेळतं भांडवल होतं. त्याच्याशिवाय दोन डॉलरचा व्यवहार म्हणजे महिनाभराने पुन्हा टाळं.

हार्मॅकची शिकवण

हे पंचवीस लाख चाळीस दिवसांत कसे उभे राहिले? उत्तर माध्यमांच्या जगात सापडत नाही. ते सापडतं कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात.

व्हिक्टोरियाच्या उत्तरेला, त्याच बेटावर, ननायमो गावाजवळ हार्मॅक नावाचा लगदा कारखाना आहे. २००८ मध्ये त्याची मालक कंपनी पोप अँड टॅलबट दिवाळखोरीत गेली. कारखाना भंगारात जायची वेळ आली. तेव्हा तिथल्या कामगारांनी प्रत्येकी पंचवीस हजार डॉलर घातले, काही खासगी गुंतवणूकदार सोबत आले, आणि कारखाना त्याच वर्षी पुन्हा सुरू झाला. या व्यवहारात पुढाकार घेणाऱ्यांत लीवाय सॅम्पसन हे तरुण उद्योजक होते.

वर्षभराने चेकचे कर्मचारी गुंतवणूकदार शोधत होते तेव्हा सॅम्पसन त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि पुढे नव्या चेक मीडिया ग्रुपच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात निर्णायक दुवा आहे, आणि तो बहुतेक वेळा तळटीपेत जातो. बेटावरच्या लोकांनी एक वर्ष आधी, आपल्या डोळ्यांसमोर, कामगारांनी कारखाना घेऊन चालवताना पाहिला होता. बँकवाले, वकील, हिशेबनीस यांनाही असा व्यवहार कसा बांधायचा ते ठाऊक झालं होतं. ‘असं कुठे होतं का?’ हा प्रश्न व्हिक्टोरियात कुणी विचारू शकत नव्हतं. रेड डीअरमध्ये तो विचारला गेला असता तर उत्तर द्यायला जवळपास कुणी नव्हतं.

मराठी वाचकाला इथे कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्सची आठवण येईल. मालकांच्या भांडणात आणि कर्जात बंद पडलेला तो कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मंजुरीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेला होता. चेकचं तसं नाही, आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. चेक ही सहकारी संस्था नाही, भागभांडवलाची कंपनी आहे. कर्मचारी भागधारक आहेत, पण त्यांच्या बरोबरीने गावातले पैसेवालेही आहेत. उत्तर अमेरिकेतली कर्मचाऱ्यांच्या मालकीची पहिली दूरचित्रवाणी असं तिचं वर्णन केलं जातं. ते वर्णन अभिमानाचं आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण ‘कर्मचारी आणि गाव यांच्या मालकीची’ असं म्हणणं जास्त बरोबर. एकट्या कर्मचाऱ्यांच्या बचतीवर हे झालं नसतं. एकट्या गुंतवणूकदारांनीही हे केलं नसतं. आपल्या घरचे पैसे घालून बसलेली माणसं आत आहेत हे पाहूनच बाहेरचा माणूस पैसे घालतो.

शेवटचे पाच दिवस

३१ ऑगस्टला कॅनवेस्टने कर्मचाऱ्यांचा प्रस्ताव नाकारल्याचं सांगितलं. मुदतीचा दिवस तोच होता. त्या दिवशी न्यूजरूममध्ये बसलेल्या वार्ताहरांना आपल्याच नोकरीच्या अखेरीची बातमी लिहायची होती, आणि तीही बातमी म्हणून, तक्रार म्हणून नाही. पत्रकारितेच्या वर्गात हितसंबंधांचा प्रश्न शिकवायचा असेल तर यापेक्षा अवघड उदाहरण मला तरी माहीत नाही. वाहिनी पाहणाऱ्यांना सगळं माहीत होतं, लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच लोकांनी ते समजून घेतलं.

बोलणी मात्र पूर्ण तुटली नाहीत. पडदा काळा झाला नाही आणि ४ सप्टेंबरला व्यवहार झाल्याचं जाहीर झालं. सीआरटीसीची मंजुरी नोव्हेंबरमध्ये आली. नव्या कंपनीची सूत्रं जॉन पोलार्ड यांच्याकडे आली.

मधल्या काळात, ६ ऑक्टोबरला, कॅनवेस्टनेच धनकोंपासून संरक्षण मागितलं. २०१० मध्ये तिच्या वाहिन्या शॉ कंपनीकडे गेल्या, वर्तमानपत्रं पोस्टमीडिया या नव्या कंपनीकडे. टाइम्स कॉलनिस्ट पुढे २०११ मध्ये ग्लेशियर मीडियाने घेतलं. ज्या कंपनीला चेकचं ओझं झालं होतं, ती सव्वा वर्षात स्वतःच वाटण्या होऊन संपली. सप्टेंबरमध्ये व्यवहार झाला नसता आणि चेक त्या दिवाळखोरीत अडकली असती, तर तिचं काय झालं असतं ते सांगणं कठीण नाही.

वाहिनी घेतली, आता दाखवायचं काय?

मला वाटतं, खरेदीपेक्षा अवघड आणि जास्त शहाणपणाचा निर्णय हा पुढचा होता. ‘ई!’चं जाळं गेलं, त्याबरोबर अमेरिकन मालिकाही गेल्या. रात्रीचे तास रिकामे. हॉलिवूडचे नवे हक्क परवडणं शक्य नव्हतं. तिथे जुने चित्रपट, जुन्या मालिका लावून वेळ निभावली. आणि जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणजे बेटावरच्या बातम्या, ते वाहिनीच्या मध्यभागी आणलं. संध्याकाळी पाचला, सहाला आणि रात्री दहाला बुलेटिन. नाव पुन्हा चेक.

हे ऐकायला साधं वाटतं. पण बहुतेक माध्यम कंपन्या नेमकं उलटं करतात. पैसे कमी पडले की आधी बातम्या कापतात, कारण वार्ताहर महाग असतो आणि विकत आणलेला कार्यक्रम स्वस्त. एकेक बुलेटिन कमी होतं, प्रेक्षक पांगतो, जाहिरात घटते, आणि मग ‘पाहा, स्थानिक बातम्यांना मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. चेकच्या नव्या मालकांना हा रस्ता मोकळाच नव्हता. बातम्या काढून टाकल्या तर त्यांच्याकडे विकायला उरतं काय? आणि मालक स्वतःच वार्ताहर, कॅमेरामन, संकलक असतील तर तो निर्णय घेणाऱ्याला आपल्याच शेजारच्या टेबलाकडे पाहावं लागतं.

एक भौगोलिक फायदाही त्यांच्या बाजूला होता. जाहिरातीच्या दृष्टीने व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया ही एकत्र बाजारपेठ धरली जाते, आणि चेक पलीकडच्या किनाऱ्यावरही केबलवर दिसते. म्हणजे चार लाखांच्या गावात बसून तिला त्याहून कितीतरी मोठ्या वस्तीसमोर जाहिरात विकता येते. ब्रँडनला हे सुख नव्हतं. चेकचं यश दुसऱ्या गावाला जसंच्या तसं लागू करू पाहणाऱ्याने हे विसरू नये.

पैशाचा खरा आधार

आता कथेतला तो भाग, जो वीरकथेत बसत नाही. स्थानिक बातम्या फक्त जाहिरातीवर चालत नाहीत. चेकच्याही चालल्या नाहीत.

नव्या चेकचा जन्म नशिबाने योग्य महिन्यात झाला. १ सप्टेंबर २००९ पासून सीआरटीसीने स्थानिक कार्यक्रमांसाठी एक निधी सुरू केला. केबल आणि उपग्रह कंपन्यांच्या उत्पन्नाचा दीड टक्का बाजूला काढून, दहा लाखांपेक्षा लहान बाजारपेठांतल्या वाहिन्यांना वाटायचा. वर्षाला सुमारे दहा कोटी डॉलर. हातात दोन डॉलरचा कागद घेऊन उभ्या असलेल्या वाहिनीला याचा केवढा आधार वाटला असेल!

पण सीआरटीसीने २०१२ मध्ये तो निधी टप्प्याटप्प्याने गुंडाळायचं ठरवलं, आणि ३१ ऑगस्ट २०१४ ला तो संपला. त्याच सुमारास दुसरंही दार बंद झालं. केबल कंपन्या वाहिनीचा सिग्नल ग्राहकांना पैसे घेऊन दाखवतात, तर त्यांनी वाहिनीला मोबदला द्यावा, अशी वाहिन्यांची मागणी होती. २००९ मध्ये यावरून दोन्ही बाजूंनी देशभर जाहिरातयुद्ध झालं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की अशी व्यवस्था लावायचा अधिकारच सीआरटीसीला नाही.

याचा परिणाम काय झाला ते हॅमिल्टनमध्ये दिसलं. बारा डॉलरच्या व्यवहारात गेलेली सीएचसीएच चेकसारखीच बातम्यांवर उभी होती, दिवसभर बातम्या देत होती. ११ डिसेंबर २०१५ रोजी तिची बातम्या बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. संध्याकाळचं बुलेटिन झालंच नाही. १२९ पूर्णवेळ आणि ३८ अर्धवेळ माणसांची नोकरी एका दुपारी गेली. त्यांतल्या निम्म्याहून कमी पूर्णवेळ लोकांना पुन्हा बोलावणं आलं. हॅमिल्टन व्हिक्टोरियापेक्षा मोठं शहर आहे. तिथला मालक प्रामाणिकपणे बातम्यांच्या बाजूचा होता. तरीही हे झालं.

चेक त्या दोन-तीन वर्षांत तगली. माझा तर्क असा, की ती लहान होती, कर्जात नव्हती, आणि भागधारकांना दर तिमाहीला नफा दाखवायचा नव्हता. ज्याचा पगारच त्या वाहिनीवर आहे तो भागधारक लाभांशासाठी घाई करत नाही. कर्मचारी-मालकीचा खरा उपयोग मला इथे दिसतो: ती पैसे आणत नाही, पण वाईट वर्षात थांबायला तयार असते.

हॅमिल्टनच्या धक्क्यानंतर सीआरटीसीने २०१६ मध्ये नवं धोरण काढलं आणि सप्टेंबर २०१७ पासून स्वतंत्र वाहिन्यांच्या स्थानिक बातम्यांसाठी वेगळा निधी आला. त्यासाठी केबल-उपग्रह कंपन्यांच्या उत्पन्नातला ०.३ टक्का. चेक त्याच्या लाभार्थींपैकी एक. पण मेख पाहा: हा निधी केबलच्या उत्पन्नावर, आणि केबल सोडणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते. जून २०२४ मध्ये सीआरटीसीने नेटफ्लिक्ससारख्या मोठ्या ऑनलाइन सेवांनीही आपल्या कॅनडातल्या उत्पन्नाचा पाच टक्के वाटा द्यावा, आणि त्यातला काही भाग या स्थानिक बातम्यांच्या निधीत जावा, असा आदेश काढला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये वसुलीला तात्पुरती स्थगिती मिळाली.

मलाहाटचा रस्ता आणि फेसबुकची भिंत

या सगळ्याचा गावाला उपयोग काय, हे पाहायचं तर १५ नोव्हेंबर २०२१ घ्या. पावसाने ब्रिटिश कोलंबियाला झोडपलं. व्हिक्टोरियातून बेटाच्या उत्तरेला जायचा मुख्य रस्ता मलाहाटच्या डोंगरावरून जातो. तो पाण्याने खचला, बंद झाला, मग एकेरी सोडला, दुरुस्तीसाठी रात्री पुन्हा बंद. मुख्य भूमीवरचे महामार्ग तुटले होते, त्यामुळे चार दिवसांत सरकारने बेटावरही पेट्रोलची मर्यादा घातली, एका वेळी तीस लिटर. अशा वेळी माणसाला हवं असतं: रस्ता आत्ता कुठून चालू आहे, रात्री किती वाजता बंद होणार, मलाहाटपलीकडच्या डंकन गावाहून व्हिक्टोरियाच्या इस्पितळात सकाळची वेळ घेतलीय तर निघू की नको. टोरंटोच्या राष्ट्रीय बुलेटिनमध्ये तुटलेल्या महामार्गांची हवाई दृश्यं येतात. मलाहाटच्या रांगेत उभा राहून वेळ सांगणारा वार्ताहर गावचाच असावा लागतो.

दोनच वर्षांनी अशा बातम्यांचा एक रस्ताच बंद झाला. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या संसदेने ऑनलाइन बातम्यांचा कायदा केला: बातम्यांचे दुवे दाखवून कमावणाऱ्या बड्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा. गूगलने वर्षाला दहा कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. त्यातून सीबीसी सोडून इतर प्रसारकांच्या वाट्याला फार तर तीस टक्के. मेटाने मात्र ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कॅनडात बातम्या दाखवणंच थांबवलं. त्याच महिन्यात प्रांतातल्या केलोना भागात वणवे पेटले, हजारो लोक घर सोडून निघाले, आणि फेसबुकवर त्यांना एकमेकांना स्थानिक बातमी पाठवता येत नव्हती. मोठ्या राष्ट्रीय वृत्तपत्राचा वाचक थेट त्याच्या संकेतस्थळावर जातो. लहान गावच्या वाहिनीचा वाचक बहुतेक वेळा शेजाऱ्याने पाठवलेल्या दुव्यावरून येतो. तोच दुवा तुटला.

चेकने स्वतःचं ॲप, स्वतःची ऑनलाइन सेवा, मेलवर जाणारी बातमीपत्रं यांकडे वळण्याचं कारण हेच. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेलं दुकान कधीही उठवलं जातं हे त्यांनी एकदा कॅनवेस्टच्या काळात आणि पुन्हा मेटाच्या काळात पाहिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सीटीव्हीची मालक असलेल्या बेल कंपनीने ४,८०० नोकऱ्या कमी केल्या, ४५ रेडिओ स्टेशनं विकायला काढली, आणि टोरंटो वगळता सीटीव्हीच्या स्थानिक वाहिन्यांची दुपारची बुलेटिनं बंद केली. शनिवार-रविवारचीही बहुतेक ठिकाणी गेली. २००९ मध्ये ज्या चेकची अखेर ठरली होती, ती पंधरा वर्षांनी रोज तीन बुलेटिनं देत होती आणि देशातली सगळ्यात बलाढ्य माध्यम कंपनी आपली कमी करत होती.

तरी एक प्रश्न मला या प्रकरणात उघडाच दिसतो. २००९ मध्ये पैसे घालणारी माणसं तेव्हा चाळिशी-पन्नाशीत असतील, तर आता निवृत्त झाली किंवा होतील. त्यांचे भाग घेणार कोण? नव्याने आलेल्या पंचविशीतल्या वार्ताहराला व्हिक्टोरियात भाड्याचं घरच परवडत नाही, तो भाग कुठून घेणार? हार्मॅकसमोर हाच प्रश्न आहे, कामगार-मालकीच्या प्रत्येक उद्योगासमोर असतो. भाग हळूहळू बाहेरच्या गुंतवणूकदारांकडे सरकले तर पाटी तीच राहील, पण वाईट वर्षात थांबायची तयारी राहील का? सांगली-कोल्हापूरकडे केबलवर गावच्या बातम्या देणारे कुणी असा विचार करत असतील, तर त्यांनी खरेदीच्या करारातच लिहून घ्यावं की निवृत्त होणाऱ्याचा भाग आधी आतल्या माणसाला, हप्त्याने, पगारातून कापून देता येईल. चाळीस दिवसांच्या धावपळीत हे कलम कुणाला सुचत नाही, आणि पंधरा वर्षांनी त्याचीच गरज पडते.